गिरणीचा दरवाजा आणि पोलिसाचे दप्तर

शिक्षा भोगून आलेल्या माणसाला मालकांनी मोठ्या मनाने कामावर घ्यावे, असे आवाहन सद्‌भावनेने केले जाते. मालकाचे मन मोठे होईल तेव्हा होवो. पण ज्या दप्तराकडे बोट दाखवून तो नकार देतो, ते दप्तर कसे भरले गेले हे आधी विचारले पाहिजे. महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर सोलापुरात सापडते.

गुन्हेगार जमाती कायदा 1871 चा. 1911 च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सरकारने एखाद्या जमातीला गुन्हेगार म्हणून जाहीर केले की त्या जाहीरनाम्याला कोर्टात आव्हान देण्याची सोय नव्हती. आरोप नाही, पुरावा नाही, शिक्षा मात्र जन्मठेपेची. तीही पोटच्या पोरांपर्यंत पोचणारी. कैकाडी, पारधी, भामटे यांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवले गेले.

आणि या 'जन्मजात गुन्हेगारांना' कामावर घेतले कोणी? सोलापूरच्या कापडगिरण्यांनी! लाखोंच्या मालात हे 'चोर' वावरले, त्याची मालकांना भीती वाटली नाही. वाटावी तरी कशाला? परवान्याशिवाय गावाबाहेर न जाऊ शकणारा, पाळी संपली की कुंपणात हजेरी देणारा मजूर कोणत्या मालकाला नको असतो? म्हणजे कलंकित माणसाला काम देता येत नाही, ही थापच ठरते. तो बांधलेला असला की चालतो, मोकळा झाला की चालत नाही.

या सेटलमेंटांचे मुंबई इलाख्यातील अधिकारी स्टार्ट हेच पुढे 1928 साली नेमलेल्या अस्पृश्य व आदिवासींविषयीच्या समितीचे अध्यक्ष झाले. त्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सभासद होते. त्याच वर्षी मुंबईच्या गिरणी संपात बाबासाहेबांनी दुसऱ्या बंद दरवाजाचा प्रश्न पुढे आणला होता: विणकाम खात्यात अस्पृश्याला प्रवेश का नाही? तिथे त्याच्यावर गुन्ह्याची नोंद नव्हती. जात हीच नोंद होती.

31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला. माणसे 'विमुक्त' झाली. पण 1959 मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात जमातीचे नाव नाही, व्यक्तीचे आहे, हे खरे. तरी पोलिसाची नजर जुन्या वस्तीकडेच वळत राहिली. भाषेनेही साथ दिली. 'भामटा' हे एका जमातीचे नाव. आपण शिकलेली माणसेदेखील ते लुच्चा या अर्थाने बिनदिक्कत वापरतो. मालकाला वेगळा दाखला हवा कशाला?

2016 साली अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की तरुण वयात घोषणा दिल्यासारखा किरकोळ गुन्हा लपवला गेला असला, तरी मालक तो विवेकाने सोडून देऊ शकतो. मोर्चातल्या कार्यकर्त्याला हे उपयोगी आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये त्याच न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले; विमुक्तांना जन्मावरून सराईत ठरवणे घटनाबाह्य मानले. मुंबईच्या एका महिला पत्रकाराने ती याचिका केली होती.

तुरुंगाच्या वहीतला रकाना गेला. पोलीस ठाण्यातून येणाऱ्या चारित्र्याच्या दाखल्यावर मात्र पारध्याच्या पोराची वस्ती अजून लिहिलेली असते, आणि कारखान्याचा बाबू आधी तीच ओळ वाचतो.