दर पंधरवड्याची बैठक : होमब्रू कॉम्प्युटर क्लबचा इतिहास

१/१६
५ मार्च १९७५, बुधवार. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे पाऊस पडत होता. गॉर्डन फ्रेंच या अभियंत्याच्या गॅरेजमध्ये त्या रात्री ३२ माणसे जमली. वैयक्तिक संगणकाच्या इतिहासात या रात्रीचा उल्लेख हटकून येतो. परंतु ही मंडळी पुढे जवळजवळ बारा वर्षे भेटत कशी राहिली, हे क्वचितच सांगितले जाते. आजचा धागा त्याविषयी.

२/१६
त्या काळी संगणक ही विद्यापीठे, बँका, सरकारी खाती आणि लष्कर यांची मालमत्ता होती. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ झळकला आणि चित्र पालटले. सुमारे ४०० डॉलरला सुटे भाग मिळत. ते घरी बसून स्वतः जोडायचे.

३/१६
जोडल्यावर हाती काय येई? ना कीबोर्ड, ना पडदा. मेमरी अवघी २५६ बाइट. समोरचे खटके वर-खाली करून एकेक आज्ञा भरायची आणि उत्तर लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून वाचायचे. असे यंत्र एकट्याने बाळगून फारसे काही साधत नसे. एकाला सर्किट कळे, दुसऱ्याला प्रोग्रॅमिंग. तिसऱ्याला सुटे भाग कोठे मिळतात ते ठाऊक. एकत्र येणे ही हौस होती, तशीच गरजही.

४/१६
फ्रेंच यांच्या जोडीने निमंत्रण धाडणारा दुसरा माणूस म्हणजे फ्रेड मूर. तो शांततावादी होता. १९५९ मध्ये बर्कले येथील विद्यापीठात सक्तीच्या लष्करी शिक्षणाविरुद्ध त्याने एकट्याने उपोषण केले होते. लोकांकडील ज्ञान लोकांतच फिरावे, ही त्याची तळमळ. कोणाला काय येते आणि कोणाला काय हवे, याच्या याद्या तो चिकाटीने करीत असे.

५/१६
पहिल्या रात्री प्रत्येकाने आपण काय करतो ते सांगितले. सहा जणांनी कसला ना कसला संगणक आधीच बांधलेला होता. श्रोत्यांत ह्युलेट-पॅकार्डमधील एक लाजाळू अभियंता होता, स्टीव्ह वॉझ्निअॅक. तेथे मिळालेले एका मायक्रोप्रोसेसरचे माहितीपत्रक तो घरी घेऊन गेला. आपल्या पुढच्या यंत्राची कल्पना त्यावरूनच सुचली, असे त्याने नंतर सांगितले आहे.

६/१६
क्लबला सभासदत्वाची अट नव्हती, सक्तीची वर्गणी नव्हती. ज्याला वाटेल त्याने टपाल आणि वार्तापत्र यांसाठी एखादा डॉलर द्यावा. तिसऱ्या बैठकीपर्यंत जमले ५२ डॉलर ६३ सेंट. वार्तापत्राचा पहिला अंक पहिल्या बैठकीनंतर दहा दिवसांनी, १५ मार्चला निघाला. जो येऊ शकला नाही, त्यालाही काय घडले ते कळू लागले.

७/१६
एप्रिलमध्ये स्टीव्ह डॉम्पिअर आपला अल्टेअर घेऊन आला. यंत्र चालू असताना शेजारच्या रेडिओत खरखर उमटते, हे त्याच्या घरी ध्यानात आले होते. त्या खरखरीचेच त्याने सूर बांधले. खटक्यांनी प्रोग्रॅम भरला आणि रेडिओतून बीटल्सच्या ‘फूल ऑन द हिल’ची चाल ऐकू आली. सभा उठून टाळ्या वाजवू लागली. यंत्र कशाच्या उपयोगाचे, या प्रश्नाला मिळालेले ते पहिले आनंदाचे उत्तर होते.

८/१६
गर्दी वाढत गेली. गॅरेज अपुरे पडले, मग जागा बदलत बदलत बैठक स्टॅनफर्डच्या कणवेग प्रयोगशाळेच्या सभागृहात स्थिरावली. उपस्थिती शेकड्यांत गेली. आता खरी अडचण उभी राहिली. तीस माणसांच्या गप्पा आपोआप रंगतात. तीनशे माणसांना एकमेकांशी बोलते करायचे तर रीत लागते.

९/१६
ती रीत घालून दिली ली फेल्सेन्स्टाइन याने. १९७३ मध्ये बर्कले येथे सर्वसामान्यांसाठी संगणकीय सूचनाफलक उभारणाऱ्या ‘कम्युनिटी मेमरी’ उपक्रमात तो होता. क्लबच्या सभा तो हाती लांब काठी घेऊन चालवी. प्रथम ‘मॅपिंग’ : ज्याला प्रश्न, बातमी किंवा गरज सांगायची असेल त्याने हात वर करायचा आणि थोडक्यात बोलायचे. लांबण लागली की काठी दुसरीकडे वळे.

१०/१६
मग एखादे प्रात्यक्षिक, आणि शेवटी ‘रँडम अॅक्सेस’. संगणकाच्या मेमरीत हव्या त्या कप्प्यापाशी थेट पोहोचता येते, त्यावरून हे नाव. मघाशी जो बोलला त्याला आता थेट गाठायचे. सुटे भाग, आराखडे, सल्ले यांची देवघेव येथेच होई. पहिला भाग कोणाकडे काय आहे ते दाखवी, दुसरा ते मिळवून देई. भाषणबाजीला जागा कमी आणि भेटीला अधिक, यातच या रचनेचे मर्म होते.

११/१६
क्लबचा अलिखित नियम असा : जितके न्याल त्याहून अधिक आणा. आपल्याकडील भिशीत प्रत्येकाची पाळी येते, पण हप्ता चुकवून चालत नाही. तसाच हा विश्वासाचा व्यवहार. फरक एवढाच की पैसा दिला की कमी होतो, ज्ञान दिले तरी उरते. याच फरकातून पुढे मोठा वाद पेटला.

१२/१६
जून १९७५. अल्टेअर बनवणाऱ्या एमआयटीएस कंपनीचे फिरते प्रदर्शन पालो अल्टो येथे आले. बेसिक भाषेसाठी अनेकांनी पैसे आगाऊ भरले होते आणि ती काही हाती येत नव्हती. प्रदर्शनात तिची कागदी टेप होती. ती कोणीतरी उचलली. पुढल्या बैठकीत प्रती वाटल्या गेल्या, आणि अटही तीच : एक न्या, अधिक करून आणा.

१३/१६
ती भाषा लिहिणाऱ्या तरुणांपैकी एक होता बिल गेट्स. ३ फेब्रुवारी १९७६ च्या तारखेचे त्याचे छंदिष्टांना उद्देशून लिहिलेले खुले पत्र प्रसिद्ध झाले. क्लबच्या वार्तापत्रानेही ते छापले. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतले, आमच्या श्रमांचा मोबदला तासाला दोन डॉलरही पडत नाही, मग चांगले सॉफ्टवेअर कोणी का लिहावे, असा त्याचा सवाल होता.

१४/१६
सवाल खोटा नव्हता. लिहिणाऱ्याच्या श्रमाला मोल हवेच. परंतु छंदिष्टांनी दिलेले उत्तरही पोकळ नव्हते. ‘टायनी बेसिक’ ही छोटी भाषा अनेकांनी मिळून घडवली आणि जानेवारी १९७६ मध्ये निघालेल्या ‘डॉ. डॉब्स जर्नल’मध्ये तिचा प्रोग्रॅम छापून खुला केला. क्लबच्या टॉम पिटमनने आपली आवृत्ती पाच डॉलरला विकली. किंमत इतकी अल्प, की चोरण्यापेक्षा विकत घेणे सोपे. फुकट आणि महाग यांच्यामध्ये तिसरी वाट असू शकते, हे त्याने दाखवले.

१५/१६
वॉझ्निअॅकने आपल्या यंत्राचे आराखडे क्लबमध्ये मुक्तहस्ते वाटले होते. १ एप्रिल १९७६ रोजी त्याच यंत्रावर अॅपल कंपनी उभी राहिली. प्रोसेसर टेक्नॉलॉजीसारख्या इतर कंपन्याही याच सभागृहातील माणसांनी काढल्या. कंपनी आली की गुपिते आली. काल आराखडा वाटणारा आज ‘ते सांगता येणार नाही’ म्हणू लागला. फ्रेड मूर तर पहिल्या काही महिन्यांतच बाजूला झाला होता. क्लबच्या यशानेच क्लबचा पाया झिजवला.

१६/१६
डिसेंबर १९८६ मध्ये शेवटची बैठक झाली. तोवर संगणक दुकानांत मिळू लागला होता. आज गावोगावी प्रोग्रॅमर मंडळे निघतात आणि दोन-चार भेटींत विरतात. होमब्रू टिकला तो ठरलेल्या वारामुळे, गैरहजर माणसालाही पोहोचणाऱ्या वार्तापत्रामुळे, आणि प्रत्येकाला ‘तुला काय हवे, तू काय देशील’ असे विचारणाऱ्या पद्धतीमुळे. वॉझ्निअॅकचे नाव सर्वांना ठाऊक असते. याद्या करणारा मूर आणि काठी फिरवणारा फेल्सेन्स्टाइन मात्र विस्मरणात जातात. मंडळ काढायचे असेल, तर आधी त्या दोघांची कामे कोण करणार, हे ठरवावे.