देवळातली शाळा आणि शाळेतला धर्म

श्रींच्या मंदिराचा जीर्णोद्धार ग्रामस्थांच्या श्रमाने व देणगीदारांच्या उदार हाताने पूर्णत्वास गेला, ही आपणा सर्वांस धन्यता वाटावी अशी गोष्ट आहे. या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत काही लिहावे अशी समितीची आज्ञा झाली. मंदिराचे माहात्म्य सांगणारे अधिकारी पुरुष या अंकात आहेतच. मी त्या वाटेला न जाता गावात वारंवार निघणाऱ्या एका प्रश्नाचा इतिहास मांडावा असे ठरविले. तो प्रश्न असा की, शाळेत धर्म शिकवावा की नाही? शाळेत हरिपाठ का होत नाही, गीता का म्हणवून घेत नाहीत, असे वडीलधारी मंडळी पारावर बोलून दाखवितात. त्यांची तळमळ खरी आहे. परंतु हा प्रश्न आजचा नव्हे. त्याला दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असल्यावाचून निर्णय देणे योग्य होणार नाही.

पूर्वी शाळेला स्वतंत्र इमारत नसे. देवळाची ओवरी, सभामंडप किंवा एखाद्या वाड्याची पडवी हीच पंतोजींची शाळा. धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवायची, मोडी वाचायची, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकायची, आणि सायंकाळी परवचा म्हणायचा. पंतोजींना पगार म्हणजे पालकांनी दिलेले धान्य व सणावाराची दक्षिणा. शिक्षणाचा आरंभ ‘श्रीगणेशाय नमः’ या अक्षरांनी होई, म्हणूनच आजही कोणत्याही कामाचा आपण ‘श्रीगणेशा’ करतो. त्याबरोबरच मुले ‘ओनामासिधं’ असेही गिरवीत. हे मूळचे ‘ॐ नमः सिद्धम्’ असून त्याचा संबंध जैन परंपरेशी जोडला जातो. हिंदू घरातील मूल जैनांचे नमन गिरवून अक्षर शिके आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नसे, ही गोष्ट आपल्या पूर्वजांच्या मोठ्या मनाची साक्ष देते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या शाळा देवळात भरत, तरी त्यांचा मुख्य विषय धर्म नसून हिशेब व लेखन हा होता. रामरक्षा, व्यंकटेशस्तोत्र ही परवच्याच्या वेळी पाठ होत. त्यांचे संस्कार घडत ते घरातून, कीर्तनातून आणि वारीतून.

परंतु चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. देवळात शाळा, म्हणजे ज्यास देवळात प्रवेश नाही त्यास शाळेतही प्रवेश नाही. मुली तर त्या काळी शाळेच्या हिशेबातच नव्हत्या. ज्या जातींना सभामंडपाची पायरी चढता येत नव्हती, त्यांच्या मुलांच्या हातात पाटी कोण देणार? आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणा राजा हे संत चोखोबांचे जन्मस्थान मानले जाते. त्या महात्म्याला पंढरीच्या मंदिरात पाऊल टाकता आले नाही. त्यांची समाधी महाद्वारासमोर पायरीजवळ आहे. पुढे १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा कुठे ते मंदिर हरिजनांस खुले झाले. शाळांचीही गत हीच होती. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत महार समाजातील एका मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. त्यावर बराच पत्रव्यवहार होऊन सरकारी शाळा जातिभेद न करता सर्वांस खुल्या राहाव्यात, असे धोरण जाहीर झाले. धोरण कागदावर आले तरी प्रत्यक्षात यायला अनेक वर्षे लागली. तथापि शाळा देवळातून निघून सार्वजनिक जागेत आली, हे या दृष्टीने फार मोठे पाऊल होते.

इंग्रजी अमदानीत हा प्रश्न निराळ्याच स्वरूपात उभा राहिला. मिशनऱ्यांच्या शाळांत बायबल शिकविले जाई. मुंबईत १८३९ मध्ये डॉ. विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पारशी समाजात मोठी खळबळ उडाली. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाचे प्रकरण गाजले. तो मिशनऱ्यांकडे राहू लागल्यामुळे वडिलांना न्यायालयात जावे लागले. मुलगा परत मिळाल्यावर त्यास स्वधर्मात घेण्यासाठी ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि त्यापायी स्वजातीचा रोष पत्करला. यावरून ध्यानात येईल की, शाळेत दुसऱ्याचा धर्म शिकविला जाऊ नये ही मागणी प्रथम आपल्याच लोकांनी केली होती. आपले मूल शिकायला जावे आणि त्याचा धर्म बदलून यावा, हे कोणत्याच आईबापास सहन होणारे नव्हते.

१८५४ च्या वुड साहेबांच्या खलित्याने सरकारी शाळांत धर्मशिक्षण देऊ नये असे ठरले. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यानेही धर्माच्या बाबतीत हस्तक्षेप न करण्याचे वचन दिले. आपला वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला होता. लोणार त्या वेळी मेहकर तालुक्यात मोडत असे. वऱ्हाडात पुढे उघडलेल्या सरकारी शाळाही याच धोरणाने चालल्या.

मग संतांचे वाङ्मय शाळेतून गेले काय? मुळीच नाही. उलट ते याच काळात छापील स्वरूपात शाळेत आले. परशुराम तात्या गोडबोले यांनी १८५४ मध्ये ‘नवनीत’ हा प्राचीन मराठी कवितेचा संग्रह सिद्ध केला आणि पुढे कित्येक पिढ्या त्यातून ज्ञानोबा, तुकोबा, वामन पंडित, मोरोपंत शिकल्या. १८६९ पासून मुंबई सरकारने चोवीस हजार रुपये खर्चून तुकोबांची गाथा छापविली. ही पुस्तके पूजेसाठी नसून भाषेच्या व काव्याच्या अभ्यासासाठी होती. एकच अभंग देवळात भजन होतो आणि शाळेत कविता होतो. अभंग तोच, जागा निराळी, आणि जागेप्रमाणे त्याचे कामही निराळे. माझ्या मते साऱ्या वादाची किल्ली येथे आहे.

१८८२ मध्ये हंटर आयोग आला. शाळांसाठी सर्व धर्मांना मान्य होईल असे नीतिपाठाचे पुस्तक तयार करावे, अशी सूचना त्याने केली, पण सरकारने ती स्वीकारली नाही. याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन देऊन सांगितले की, सरकारचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि तो पैसा ज्या शेतकऱ्याकडून येतो त्याची मुले निरक्षर राहतात. पुढे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथात त्यांनी असे कुटुंब कल्पिले की, ज्यातील माणसे निरनिराळे धर्मग्रंथ वाचून आपापल्या मनाप्रमाणे निरनिराळा धर्म पाळतील आणि तरीही एका घरात प्रेमाने राहतील.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न घटना समितीपुढे आला. १९४८ च्या डिसेंबरात त्यावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जी कारणे दिली त्यांचा आशय असा: कराचा पैसा सर्वांचा, तो एका धर्माच्या शिकवणीवर खर्च करता येत नाही, देशात धर्म अनेक, प्रत्येकाची सोय प्रत्येक शाळेत करणे अशक्य, आणि धर्माधर्मांत इतका विरोध आहे की शाळा हे वादाचे स्थान बनेल.

त्यातून घटनेचे कलम २८ सिद्ध झाले. कचेरीत काम करताना नियमाचा नेमका अर्थ पाहण्याची सवय लागते, म्हणून ते थोडे फोड करून सांगतो. जी शाळा पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालते, तेथे धर्मशिक्षण देता येत नाही. आपली जिल्हा परिषदेची शाळा यात येते, मग ती मराठी असो की उर्दू. एखाद्या दानपत्राने वा विश्वस्त निधीने धर्मशिक्षणाच्या अटीवर स्थापन झालेली आणि शासन केवळ कारभार पाहत असलेली संस्था असेल, तर तिला ही मनाई लागू नाही. आणि शासनमान्य वा अनुदानित शाळेत धर्मशिक्षण किंवा उपासना होत असेल, तर कोणाही विद्यार्थ्यावर त्याची सक्ती करता येत नाही; मूल अज्ञान असल्यास पालकाची संमती लागते. म्हणजे कायद्याने धर्माला हद्दपार केलेले नाही, फक्त सक्तीला केले आहे, आणि सर्वांच्या पैशाला एका बाजूला झुकू दिलेले नाही.

यानंतर शासनाने अनेक समित्या नेमल्या. त्यांपैकी श्रीप्रकाश समितीचे अध्यक्ष पुढे महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल झाले. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले की, एका धर्माचे शिक्षण देणे वेगळे आणि सर्व धर्मांविषयी माहिती देणे वेगळे. दुसरी गोष्ट शाळेत अवश्य व्हावी. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांचा अभ्यास घटनेच्या विरुद्ध नाही असा निर्णय दिला. तरी वाद थांबलेला नाही. २०२२ मध्ये गुजरात सरकारने सहावी ते बारावीच्या वर्गांत गीता आणण्याचे जाहीर केले. २०२४ मध्ये आपल्या राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात गीता व मनाचे श्लोक यांच्या पाठांतराचा आणि मनुस्मृतीतील एका श्लोकाचा उल्लेख आला, त्यावरून मोठे वादळ उठले.

आता आपल्या गावाकडे येऊ. लोणारच्या सरोवराच्या दोन कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पुराण सांगते की, येथे लवणासुर लपून राहिला होता आणि भगवान विष्णूंनी दैत्यसूदन रूपाने त्याचा वध केला. दैत्यसूदन मंदिराच्या दगडांवर पुराणकथा कोरल्या आहेत. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांचा तोच ग्रंथ होता. विज्ञान सांगते की, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्का आदळून झाले. पूर्वी ते ज्वालामुखीचे समजत, पण १९७३ च्या सुमारास दगडांच्या तपासणीवरून उल्कापाताची खात्री पटली. त्याचे वय आधी पन्नास हजार वर्षे धरीत, पुढील संशोधनात ते पावणेसहा लाख वर्षांच्या आसपास निघाले. म्हणजे विज्ञान स्वतःचा आकडा बदलते, आणि का बदलला हे सांगते. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हाही कारण शोधले गेले आणि ते खारट पाण्यातील सूक्ष्म जीव असल्याचे आढळले.

येथील मुलाने कोणती कथा शिकावी? मी म्हणतो, दोन्ही. कीर्तनात लवणासुर ऐकावा, तेथे उल्केचा वाद काढू नये. शाळेत उल्का शिकावी, तेथे लवणासुराचा आधार देऊ नये. मूल दोन्ही जागी नम्रपणे बसले आणि कोठे काय विचारावे हे त्याला कळले, तर त्याची श्रद्धाही जाणार नाही आणि बुद्धीही मंद होणार नाही.

दुसरे उदाहरण महानुभावांचे. श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी सांगणाऱ्या लीळाचरित्रात लोणारचा उल्लेख आहे. तेराव्या शतकातील हा ग्रंथ म्हणजे मराठी गद्याचा आद्य ठेवा. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत जपून ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला आणि पुढे हे वाङ्मय महाविद्यालयांत पोहोचले. पंथीयांसाठी तो आजही वंदनीय ग्रंथ आहे, आणि विद्यार्थ्यांसाठी भाषेचा अभ्यासविषय. यात ग्रंथाचा मान कमी झाला असे कोणी म्हणणार नाही.

तात्पर्य, शाळेवर देवळाचे ओझे टाकू नये. परंतु मग देवळाने आपले काम केले पाहिजे, हे ओघानेच आले. शाळेत हरिपाठ नाही म्हणून आपण तक्रार करतो, पण आपल्या घरी तो किती दिवस होतो? वऱ्हाडच्या भूमीत याचे आदर्श कमी नाहीत. गाडगे महाराजांना अक्षर येत नव्हते, पण देवळापेक्षा मुलांच्या शिक्षणावर पैसा लावा असे ते प्रत्येक कीर्तनात सांगत. त्यांनी पंढरपूरची धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेस दिली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सर्व धर्मांच्या माणसांना एकत्र बसता येईल अशी सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाने १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. शेजारच्या मेहकर तालुक्यात हिवरा येथील विवेकानंद आश्रमात शुकदास महाराजांनी शाळांचे मोठे कार्य उभे केले. या सर्वांनी देवाच्या नावाने आलेला पैसा विद्येकडे वळविला.

म्हणून समितीस व देणगीदारांस नम्र विनंती आहे. नवा सभामंडप सायंकाळी दोन तास मुलांसाठी उघडा ठेवावा. तेथे उजेड असावा, बसायला सतरंजी असावी, एक पुस्तकांचे कपाट असावे. त्यात ज्ञानेश्वरी, गाथा, लीळाचरित्र असावे. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, कुराणाचा मराठी अनुवाद आणि भारताची राज्यघटना हीही असावीत. गावात हिंदू, बौद्ध, मुस्लिम, जैन सर्व घरांतील मुले एका शाळेत शिकतात. त्यांना एकमेकांचे ग्रंथ निदान हाताळता यावेत. ज्यास हरिपाठ म्हणायचा त्याने म्हणावा, ज्यास गणित सोडवायचे त्याने सोडवावे. हजेरी नको, परीक्षा नको, सक्ती नको. मात्र कोणत्याही जातीच्या मुलास वा मुलीस पायरीवर थांबावे लागू नये, एवढी एकच अट पक्की असावी. तसेच जे दाते शाळेस देणगी देतील, त्यांनी ती विनाअट द्यावी. वर्गखोलीबरोबर मूर्ती वा पूजेची अट घातली, तर मुख्याध्यापक अडचणीत येतो आणि दानाचे पुण्यही उणे होते.

एके काळी देवळात शाळा भरे, पण तिचे दार सर्वांना उघडे नव्हते. पुढे शाळा बाहेर गेली आणि दार उघडले. आता जीर्णोद्धाराने आपल्याला अशी संधी दिली आहे की, सर्वांना उघडे असलेले दार आणि देवळाचा सभामंडप, दोन्ही एका ठिकाणी यावेत. दगडचुन्याचा जीर्णोद्धार झाला. हा दुसरा जीर्णोद्धार करण्याची बुद्धी श्रींनी आपणा सर्वांस द्यावी, एवढीच चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.