सापेक्ष फाइलमार्ग (संकेतस्थळाच्या थीममधील)

शीर्षपट्टी, तळपट्टी, मेनू, शोधपेटी यांसारखे थीमचे जे तुकडे पानोपानी पुन्हा वापरले जातात, त्यांचा आणि त्यांना लागणाऱ्या फाइलींचा पत्ता पूर्ण न लिहिता एखाद्या आधारस्थानापासून लिहिण्याची पद्धत. ‘../इमेजेस/लोगो.पीएनजी’ म्हणजे एक फोल्डर वर जा आणि तिथल्या इमेजेसमध्ये लोगो शोधा. वेबपत्त्यांपुरते याचे नियम १९९५ च्या ‘आरएफसी १८०८’मध्ये मांडले गेले. आज २००५ चा ‘आरएफसी ३९८६’ प्रमाण मानतात.

परभणी जिल्ह्याचे अधिकृत संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस३वास’ या सेवेवर चालते. वर्डप्रेसवर उभी असलेली ही सेवा देशभरच्या जिल्ह्यांना तयार थीम पुरवते. जिल्हाजिल्ह्यांची संकेतस्थळे एका साच्यातली वाटतात ती त्यामुळेच. अशा सामाईक तुकड्यात कोणी परभणीचा पूर्ण पत्ता ठोकून दिला, तर १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या हिंगोलीच्या पानावरही परभणीचेच बोधचिन्ह झळकेल. सापेक्ष मार्ग हवा तो यासाठी.

मात्र ‘सापेक्ष’ म्हणजे कशाच्या सापेक्ष, इथेच बहुतेकांची गफलत होते. एचटीएमएलमध्ये लिहिलेला मार्ग ब्राउझर उघड्या पानाच्या पत्त्यापासून मोजतो. तुकड्याची फाइल सर्व्हरवर कुठे आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. परभणीच्या संकेतस्थळावर मराठी पाने मुळाशी, तर इंग्रजी पाने ‘/ईएन/’खाली आहेत. शीर्षपट्टीत नुसते ‘इमेजेस/लोगो.पीएनजी’ असते, तर इंग्रजी पानावर ब्राउझरने ते चित्र ‘/ईएन/इमेजेस/’मध्ये शोधले असते. मुखपृष्ठावर सगळे ठीक आणि आतल्या पानांवर चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी, ही या दोषाची हमखास खूण. सुरुवातीला तिरपी रेघ देऊन मार्ग मुळापासून मोजायला लावला तर हे टळते. पण तेच संकेतस्थळ चाचणीसाठी लोकलहोस्टवरच्या उपफोल्डरमध्ये ठेवले की तोही चुकतो. सीएसएसची रीत याहून सोयीची आहे: तिच्यातला मार्ग त्या सीएसएस फाइलपासूनच मोजला जातो, त्यामुळे थीमचे फोल्डर कुठेही हलवले तरी बिघडत नाही.

पीएचपीचा हिशेब आणखी वेगळा. ‘इन्क्लूड’ला दिलेला ‘../’ने सुरू होणारा मार्ग ज्या फाइलीत लिहिला तिच्यापासून मोजला जात नाही. तो चालू कार्यफोल्डरपासून मोजला जातो. वर्डप्रेसमध्ये ते फोल्डर दर्शनी पानासाठी एक आणि प्रशासन कक्षासाठी दुसरे असते. म्हणून वाचकाला दिसणारे पान नीट चालते आणि तोच तुकडा प्रशासन कक्षात अडतो. २००९ च्या पीएचपी ५.३ पासून मिळालेला ‘__डीआयआर__’ हा स्थिरांक यावर साधा उपाय आहे. त्यात त्या फाइलीच्या स्वतःच्या फोल्डरचा पूर्ण मार्ग असतो.

वर्डप्रेसने २०१० च्या ३.० आवृत्तीत आणलेले ‘गेट_टेम्प्लेट_पार्ट’ हे फलन मार्ग थीमच्या फोल्डरपासून धरते. ते आधी चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर बेतलेल्या उपथीममध्ये पाहते, तिथे तुकडा नसेल तर मूळ थीममध्ये. एखाद्या जिल्ह्याला फक्त तळपट्टी बदलायची असेल, तर चाइल्ड थीममध्ये त्याच नावाची एक फाइल ठेवली की भागते, मूळ थीमला हात लावावा लागत नाही. याची एक खोड मात्र त्रासाची: नाव चुकले तर ते तक्रार करत नाही, तुकडा गुपचूप गाळते. चित्रे व स्क्रिप्ट यांच्या पत्त्यांसाठी ४.७ आवृत्तीपासून (२०१६) ‘गेट_थीम_फाइल_यूआरआय’ आहे, तेही हाच क्रम पाळते. हे फलन पूर्ण पत्ता देते. पण तो चालू संकेतस्थळाच्या नावावरून बनवलेला असल्याने एकच थीम दोन जिल्ह्यांना चालते.

मार्गातली अक्षरेही जशीच्या तशी जुळावी लागतात. विंडोज संगणकावर ‘हेडर’चे पहिले रोमन अक्षर मोठे लिहा किंवा लहान, फाइल सापडते, लिनक्स सर्व्हरवर ती दोन वेगळी नावे ठरतात. कार्यालयातल्या संगणकावर बिनतक्रार चाललेली थीम सर्व्हरवर चढवताच मोडली, तर आधी हेच तपासावे.