दात कोरून पोट भरते का?

दात कोरून पोट भरत नाही, असे आपली म्हण सांगते. पण १९४८ साली ब्रिटनमध्ये काही दिवस ती खोटी ठरली. घरोघर कडक लाडवांशी झुंज चालू असता ती हकीकत सांगावी, असे माझ्यातल्या मास्तराला वाटते.

५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. आरोग्यमंत्री होते अन्यूरिन बेव्हन, वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा. औषध फुकट, चष्मा फुकट आणि कवळीही फुकट! तोवर गरिबाघरी किडका दात म्हणजे उपटायचाच दात. पुढे नवऱ्याला खर्च नको, म्हणून लग्नाआधीच मुलीचे सगळे दात काढून कवळी बसवून देणारेही आईबाप होते. मग दंतवैद्यांच्या दारी रीघ न लागती तरच नवल!

मेख होती ती मेहनतान्यात. घरगुती डॉक्टरला नोंदलेल्या माणसामागे पैसे मिळत. दंतवैद्याला मात्र कामागणिक. दात उपटला की इतके, भरला की इतके, कवळीचे इतके. स्पेन्स समितीने हिशेब मांडला होता, की आठवड्याला ३३ तास खुर्चीपाशी राबणाऱ्याला १९३९ च्या भावाने वर्षाकाठी निव्वळ १,६०० पौंड मिळावेत. पण कामाचा पूर आला नि कित्येकांची कमाई त्यापुढे धावली. सरकार दचकले. १९४९ च्या आरंभी ४,८०० पौंडांवरील वार्षिक ढोबळ मिळकत निम्मी कापायचे ठरले; पाठोपाठ दरही उतरवले. १९५१ साली अर्थमंत्री गेट्स्केल यांनी कवळ्यांवर व चष्म्यांवर आकार बसवला, तेव्हा बेव्हननी मंत्रिपदच सोडले.

माझे मन अडते ते मात्र दुसरीकडे. शाळांतून मुलांचे दात तपासणारे पगारी दंतवैद्य होते. बाहेरची कमाई पाहून त्यांतल्या अनेकांनी नोकरी सोडली. त्यांना मी लोभी म्हणणार नाही. महिनाअखेर कशी येते, हे मास्तरला कोणी शिकवावे लागत नाही. पण झाले असे, की थोरांना कवळ्या मिळाल्या आणि ज्यांचे दात अजून वाचण्यासारखे होते, ती पोरे तशीच राहिली.

न्यूझीलंडने याआधीच निराळी वाट धरली होती. १९२१ साली टॉमस हंटर यांच्या पुढाकाराने वेलिंग्टनला तरुण मुलींना दोन वर्षे शिकवून शाळांतून दंतपरिचारिका म्हणून नेमण्याची योजना निघाली. पोरांनी त्या दवाखान्याला ‘मर्डर हाऊस’ असे नाव ठेवले, तरी दात वाचले ते तेथेच. ब्रिटनने त्या धर्तीची शाळा लंडनमध्ये काढली ती १९६० साली. पण १९७४ साली याच परिचारिकांना तुटपुंज्या पगारासाठी वेलिंग्टनच्या पार्लमेंटवर मोर्चा न्यावा लागला.

सेवा फुकट देता येते. सेवक फुकट मिळत नाही. शिवाय पैसा उपटण्याला जास्त आणि राखण्याला कमी असेल, तर राखायला कोण थांबणार? वाचकहो, लाडू खुशाल फोडा. पण पोरांना चूळ भरायला लावा.