दम्याच्या पंपाची कुळकथा

दम्याच्या पंपाचं मूळ शोधत गेलं की एक वाट थेट धोतऱ्यापाशी येते. महादेवाला वाहतात तोच; चुकून पोटात गेला तर माणसाला भ्रमिष्ट करून सोडणारा. त्याच्या धुराने धाप उतरते हे मद्रासमध्ये ठाऊक होतं. तिथले डॉ. जेम्स अँडरसन हा उपाय सांगत, आणि 1802 च्या सुमारास जनरल जेंट यांनी तो विलायतेत नेला. पुढे युरोपात धोतऱ्याच्या ‘दम्याच्या सिगारेटी’ औषधांच्या दुकानांत सर्रास मिळू लागल्या. ऐकायला चमत्कारिक, पण खुळचटपणा नव्हता. धोतऱ्यातलं अॅट्रोपीन श्वासनलिकांचे आवळलेले स्नायू सैल करतं. आजचं इप्राट्रोपियम त्याच्याच नात्यातलं. (म्हणून कुणी परसातला धोतरा जाळायला जाऊ नये. औषधाची मात्रा कुठे संपते आणि विषाची कुठे सुरू होते, ते धुरात मोजता येत नाही.)

मोजण्याचा हा प्रश्न सुटला तो 1955-56 साली, अमेरिकेत. लॉस एंजेलिसच्या रायकर लॅबोरेटरीजचे अध्यक्ष जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या सूझीला दमा होता. काचेच्या नळीला जोडलेला रबरी फुगा दाबून ती औषध ओढायची. नळी फुटायची, आणि दर वेळी औषध सारखं येईल याची खात्री नाही. केसांवर मारायच्या स्प्रेसारखं हे डब्यात का नाही भरत, असं तिने वडिलांना विचारलं. कंपनीतले रसायनतज्ज्ञ आयर्विंग पोरुश कामाला लागले. डब्यात दाब निर्माण करणारा फ्रेऑन साध्या हवेत उडून जातो, तो उत्कलनबिंदूच्या खाली थंड करून ओतावा लागतो. त्यासाठी त्यांनी आईस्क्रीमचा जुना फ्रीझर वापरला. झडप आणली अत्तराच्या कुपीची. फिलिप मेशबर्ग यांनी केलेली ही झडप एका दाबाला 50 मायक्रोलिटरच सोडायची, ना थेंब जास्त ना कमी. मार्च 1956 मध्ये मेडिहेलर बाजारात आला.

आपल्याकडे अजूनही ‘पंप नको, गोळी द्या’ असं म्हणणारे पुष्कळ. पंप म्हणजे जालीम, त्याची सवय लागते, तो शेवटचा उपाय. लग्न ठरायच्या बेताला असलेल्या मुलीचा पंप तर कपाटातच राहतो. इथे जरा हिशेब मांडू. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलची एक गोळी 4 मिलिग्रॅमची, आणि पंपाचा एक झोत 100 मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत चाळीस झोत! गोळी रक्तातून सगळ्या अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. झोत हवा तिथे, फुप्फुसात उतरतो. अर्थात नीट ओढला तर. दाबणं आणि श्वास घेणं एका वेळी जमलं नाही, तर बहुतेक औषध घशातच बसतं. म्हणून स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, हवा, विशेषतः मुलांना.

पुन्हा कुळकथेकडे. पंप झाला, पण त्यात भरायचं काय हे कळायला वेळ गेला. पहिल्या पंपांतली औषधं हृदयालाही डिवचत. 1960 च्या दशकात ब्रिटनमध्ये तरुण दमेकऱ्यांचे मृत्यू अचानक वाढले आणि बोट त्यांतल्याच एका औषधाच्या, आयसोप्रिनलिनच्या, पंपांकडे गेलं. काहींनी औषधाच्या जोराला दोष दिला. काहींचं म्हणणं, लोक झोतांवर झोत ओढत घरीच बसले आणि दवाखान्यात उशिरा पोचले. त्यानंतर इंग्लंडमधल्या वेअर गावी औषध-संशोधक डेव्हिड जॅक यांच्या चमूने शोधलेलं साल्ब्युटामॉल 1969 मध्ये आलं. ते मुख्यतः श्वासनलिकांवर काम करणारं होतं, हृदयाला बरंच सोडून.

तरी दम्याचं मूळ शाबूतच. नळ्या आवळतात कारण आतून त्या सुजलेल्या असतात, आणि साल्ब्युटामॉल सुजेला हात लावत नाही. ती उतरवायला स्टिरॉइड लागतं. जॅक यांच्याच चमूने 1972 मध्ये बेक्लोमेथासोनचा पंप आणला. खरा मोठा बदल माझ्या मते हाच, आणि त्याचंच कौतुक सर्वांत कमी झालं. कारण उघड आहे: साल्ब्युटामॉलने काही मिनिटांत मोकळं वाटतं, स्टिरॉइडच्या पंपाने त्या क्षणी काहीच कळत नाही. तो रोज घ्यायचा, चूळ भरायची, आठवडे धीर धरायचा. मग बरं वाटलं की पेशंट पहिला बंद करतात तो हाच.

डॉक्टरांनी दशकानुदशकं समजावून पाहिलं. शेवटी 2019 मध्ये ‘जिना’ या जागतिक दमा-संस्थेने प्रौढांना आणि मोठ्या मुलांना नुसतं साल्ब्युटामॉल देणं थांबवायला सांगितलं आणि दोन्ही कामं एकाच पंपात घालायची वाट पुढे केली: त्यात फॉर्मोटेरॉल नळ्या मोकळ्या करतं, आणि प्रत्येक झोताबरोबर थोडं स्टिरॉइड आपोआप आत जातं, पेशंटला त्याची आठवण असो वा नसो.