वडिलांचे घर, कलेचे दार

फ्रेंच चित्रकर्ती रोझा बोनर (१८२२-१८९९) हिने चित्रकलेचे धडे गिरवले ते चित्रकार वडिलांच्या हाताखाली. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेचे दार स्त्रियांसाठी १८९७ साली उघडले. तोवर चित्रकाराची लेक असणे हीच अनेकींची कलाशाळा होती.

आपल्याकडे अंबिका धुरंधर (१९१२-२००९) यांचे पहिले संस्कारही घरातलेच. वडील रावबहादूर म. वि. धुरंधर १८९० पासून आधी विद्यार्थी आणि पुढे शिक्षक म्हणून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत रमलेले. अंबिकाबाईंनी मात्र त्याच कलाशाळेत रीतसर शिक्षण घेऊन १९३१ साली पदविका मिळवली. मध्यमवर्गीय मराठी मुलीसाठी ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

तरीही कलेतिहासात त्यांचा उल्लेख येतो तो बहुधा 'धुरंधरांची कन्या' म्हणून. १९४४ साली वडील गेल्यावर त्यांची चित्रे अंबिकाबाईंनी निगुतीने सांभाळली. या सांभाळण्याचे कौतुक झाले आणि त्यांची स्वतःची चित्रे मागे राहिली.

येथे आम्हांस नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक आठवतात. पतीच्या आठवणी सांगता सांगता 'स्मृतिचित्रे'त लक्ष्मीबाईच उभ्या राहिल्या, आणि वाचकांनीही त्यांना ओळखले. अंबिकाबाईंच्या आत्मकथनाचे नाव 'माझी स्मरणचित्रे'. त्यातला पहिला शब्द 'माझी' आहे. ते पुस्तक वडिलांची माहिती शोधण्यासाठी नव्हे, तर एका चित्रकर्तीचे म्हणून वाचले जावे, एवढेच आमचे मागणे आहे.