नीरेच्या खोऱ्यातील ऊस, पाणी आणि चोपण

दख्खनच्या कालव्यांचा इतिहास बहुधा अभियांत्रिकीच्या अंगाने लिहिला गेला आहे. धरणाची उंची, कालव्याची लांबी, खर्च आणि महसूल यांचा ऊहापोह त्यात विस्ताराने आढळतो. परंतु कालव्याचे पाणी ज्या जमिनीत मुरले त्या जमिनीचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्यात क्वचितच मध्यवर्ती ठरला. अलीकडे शेतीच्या उत्पादकतेची वाढ मंदावल्याची चर्चा होते तेव्हा ही मंदी जणू हरितक्रांतीनंतरच प्रथम उद्भवली, असे गृहीत धरले जाते. नीरा डाव्या कालव्याखालील प्रदेशाचा इतिहास या समजुतीला बाध आणणारा आहे. तेथे उत्पादकतेचा ऱ्हास पहिल्या पंचवीस वर्षांतच प्रकट झाला होता. त्याची कारणे शोधली गेली होती, आणि उपायही बऱ्याच अंशी ठाऊक झाले होते.

१८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळाने दख्खनच्या अवर्षणप्रवण पट्ट्याची दैन्यावस्था उघडी केली. वेळवंडी नदीवर भाटघर येथे धरण, त्याच्या खाली वीर येथे नीरेवर बंधारा आणि तेथून पुरंदर, बारामती, इंदापूर या भागांतून सुमारे शंभर मैल जाणारा कालवा, ही योजना त्या आपत्तीनंतर आकारास आली. १८८५ साली कालव्यातून पाणी सुटले. ज्वारी-बाजरीचे रक्षण हा योजनेचा मूळ हेतू होता. परंतु शेतकऱ्याने हे पाणी उत्साहाने घेतले नाही. खोल काळ्या जमिनीत भाद्रपद-आश्विनातील एक चांगला पाऊस रब्बी ज्वारीला पुरतो. तो येईल की नाही हे ठाऊक नसताना आगाऊ पाणीपट्टी पत्करणे हा जुगारच होता. शिवाय पाणी दिल्यावर पाऊस झाला तर पैसा व्यर्थ जाई आणि पीकही बिघडे. सरकारी लेखणी या वर्तनाला अनास्था म्हणत असे. वस्तुतः तो चोख हिशेब होता. परिणामी अवर्षणाच्या वर्षी पाण्यासाठी झुंबड आणि इतर वर्षी कालव्यातील पाणी निरुपयोगी, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली.

ही कोंडी फोडली ती सासवडकडील माळ्यांनी. विहीरबागायतीचे पिढीजात कौशल्य घेऊन ते नीरेच्या खोऱ्यात उतरले, खंडाने जमिनी घेतल्या आणि उसाची लागवड करून गूळ पाडू लागले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनंतर स्थानिक कुणब्यांनीही तोच मार्ग धरला. दुष्काळनिवारणासाठी बांधलेला कालवा अशा रीतीने नगदी पिकाचा कालवा बनला. हे कोणाच्याही आराखड्यात नव्हते.

उसाचे हे वैभव ओसरण्यास फार काळ लागला नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरेच्या खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींविषयीचे आपले संशोधन १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातर्फे प्रसिद्ध केले. त्यातील चिकित्सा आजही वाचनीय आहे. काळ्या जमिनीच्या थराखाली सच्छिद्र मुरूम असतो. वरच्या अंगाच्या शेतांत अतिरिक्त दिलेले आणि कालव्याच्या पात्रातून झिरपणारे पाणी या मुरमातून उताराकडे सरकते आणि सखल भागात वर येते. उन्हाळ्यात पृष्ठभागावरून बाष्पीभवन होताना ते आपल्याबरोबर आणलेले क्षार मागे ठेवते. प्रथम जमीन चिबड होते, मग तिच्यावर पांढरा खार फुटतो आणि अखेर सोडियमच्या संचयाने मातीचे कण विस्कटून ती चोपण बनते. अशा मातीत पाणी मुरत नाही, मूळ उतरत नाही. विशेष लक्षणीय म्हणजे अपराध करणारे शेत आणि शिक्षा भोगणारे शेत बहुधा एकाच मालकाचे नसते. वरचा बागायतदार पाण्याची पाळी लांबवितो आणि नाल्याकाठच्या शेजाऱ्याची जमीन खारावते. यामुळेच हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याच्या शहाणपणावर सोडण्यासारखा नव्हता.

पाण्याच्या बाजूने उपाय सुचविला तो पुण्याच्या पाटबंधारे विभागात १८९९ पासून कार्यकारी अभियंता असलेल्या मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनी. त्यांची ‘ब्लॉक’ पद्धती ही मुळात पाणीवाटपाची सामाजिक योजना होती. पाणी मोजक्या गावांत एकवटू न देता ते अनेक गावांतील निवडक तुकड्यांत विभागावे, प्रत्येक तुकड्यात उसाला सुमारे तिसरा हिस्सा द्यावा, उरलेल्या क्षेत्रात हलकी पिके फेरपालटाने घ्यावीत, आणि काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यावी, असे तिचे स्वरूप होते. फेरपालटामुळे जमिनीस विसावा मिळेल, निवडीमुळे सखल व रोगट जागा टाळता येतील आणि हमीमुळे शेतकरी भांडवल घालील, अशी त्यामागील विचारसरणी होती. पद्धती अमलात आली. परंतु कालांतराने तिच्यातील हमीचा अंश दृढ झाला आणि निर्बंधाचा अंश शिथिल झाला. ब्लॉक मिळणे म्हणजे उसाचा हक्क मिळणे, असाच तिचा व्यवहारातील अर्थ उरला.

जमिनीच्या बाजूनेही संशोधन पुढे सरकत होते. मांजरीच्या प्रक्षेत्रावर जे. बी. नाइट यांच्या प्रयोगांतून खोल नांगरट, रुंद सऱ्या, मोजके बेणे आणि बेताचे पाणी यांवर आधारलेली लागवडपद्धती सिद्ध झाली. प्रचलित प्रमाणाहून कमी पाण्यात ऊस कमी येत नाही, हे तिने दाखविले. १९१६ साली मुंबई सरकारने सिंचनविषयक संशोधनासाठी एक स्वतंत्र विभाग निर्माण केला. खडकवासल्याचे आजचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र त्याच बीजातून वाढले. त्या विभागात क्लॉड इंग्लिस यांनी चिबड जमिनींच्या निचऱ्याचा अभ्यास केला. काळ्या मातीत खणलेले उथळ चर निरुपयोगी ठरतात, चर खालच्या मुरमापर्यंत पोहोचला तरच भूजलाची पातळी उतरते, हे या अभ्यासातील मर्म होते. याच इंग्लिस यांनी कालव्यातील प्रवाह मोजणाऱ्या ‘स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम’ या साधनावर १९२८ साली तांत्रिक निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे १९३० च्या सुमारास जमीन का बिघडते, ती कशी सुधारावी, पाणी किती द्यावे आणि ते कसे मोजावे, या चारही प्रश्नांची उत्तरे पुणे जिल्ह्याच्या सीमेतच उपलब्ध होती.

तरीही पाणी मापाने विकले गेले नाही. पाणीपट्टी एकराप्रमाणे आणि पिकाप्रमाणे आकारली जाई. एकदा ती भरली की अधिक पाणी घेण्यास शेतकऱ्याला जादा काहीच पडत नसे. उलट पुढची पाळी वेळेवर येईल याची शाश्वती नसल्याने मिळेल तेवढे पाणी शेतात भरून घेणे हेच त्याच्या हिताचे होते. सरकारची स्थितीही विचित्र होती. दख्खनचे कालवे गुंतविलेल्या भांडवलावर पुरेसे उत्पन्न देत नसत, आणि सर्वाधिक दराची पाणीपट्टी उसावर होती. जमीन वाचविण्यासाठी ऊस आवरावा की तोटा भरून काढण्यासाठी वाढवावा, या द्वंद्वात खजिन्याची बाजू सरस ठरली. १९३८ साली मुंबई सरकारच्या सिंचन चौकशी समितीने अहवाल सादर केला तेव्हा तिच्या अध्यक्षपदी वृद्ध विश्वेश्वरय्याच होते. ज्या कालव्यांसाठी त्यांनी तरुणपणी मर्यादेची योजना आखली, त्याच कालव्यांच्या आर्थिक तुटीचा विचार त्यांना करावा लागला.

या पार्श्वभूमीवर बियाण्याच्या संशोधनाला लाभलेले यश पाहिले पाहिजे. १९३२ साली साखरधंद्याला संरक्षक जकात मिळाली. त्याच वर्षी पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. माळीनगर व वालचंदनगर येथील कारखानेही त्याच सुमारास उभे राहिले. मऊ, जाड आणि नाजूक अशा पुंड्या उसाची जागा जाव्हाकडील ईके २८ आणि पीओजे २८७८ या वाणांनी घेतली. त्यांच्यामागून कोइमतूरच्या पैदास केंद्रातील को ४१९ आला, पुढे को ७४० आणि १९९६ साली को ८६०३२ प्रसारित झाला. प्रत्येक नव्या वाणाने उत्पादन उचलले, आणि त्याबरोबर मागील प्रश्नाचा विसरही पाडला. हे काही संशोधकांचे न्यून नव्हे. नवे बेणे लावताना कोणाचाही पाण्याचा हक्क हिरावत नाही, कोणाच्या शेतातून चर न्यावा लागत नाही, खजिन्याला झळ लागत नाही. निचरा आणि पाण्याचे माप मात्र हितसंबंधांना स्पर्श करतात. राज्यकर्त्यांनी उत्पादकतेचा प्रश्न वारंवार बियाण्याचा प्रश्न म्हणून हाताळला, यातील इंगित येथे आहे.

महाराष्ट्राचे पुढील आकडे या दृष्टीने बोलके आहेत. १९६०-६१ साली उसाचे सरासरी उत्पादन हेक्टरी सुमारे ६७ टन होते. १९८०-८१ पर्यंत ते सुमारे ९२ टनांवर गेले. त्यानंतर १९९०-९१ साली सुमारे ८६ आणि २०००-०१ साली सुमारे ८३ असा उतार दिसतो. या चाळीस वर्षांत उसाखालील क्षेत्र मात्र जवळजवळ चौपट झाले. सहकारी कारखानदारी, उपसा सिंचन आणि वीजपंप यांच्या बळावर ऊस मध्यम व हलक्या जमिनींतही शिरला. त्यामुळे सरासरीच्या घसरणीचा सगळा दोष जुन्या कालव्याखालील थकलेल्या जमिनींवर टाकता येणार नाही. २००२ नंतरच्या लोकरी माव्याच्या आणि अवर्षणाच्या वर्षांनी तर आकडे आणखी खाली ओढले. तथापि वाणांची परंपरा अखंड असतानाही ही पातळी ढळली, एवढे निश्चित.

एकरी उत्पादन हेच एकमेव माप मानण्याचाही येथे वाटा आहे. आडसाली ऊस दीड वर्षाच्या आसपास शेतात उभा राहतो, एकरी वजनात तो सुरू उसाला मागे टाकतो आणि स्पर्धांतील बक्षिसे मिळवितो. त्यासाठी तो सुरू उसाहून अधिक पाणी पितो. पाण्याच्या घनमापामागे किती ऊस निघाला असा हिशेब मांडला तर त्याची श्रेष्ठता तितकीशी निर्विवाद राहत नाही. १९८० च्या दशकात शासनाने नव्या प्रकल्पांसाठी आठमाही पाणीवाटपाचे धोरण स्वीकारले, त्यामागे हाच विचार होता; परंतु विहीर आणि पंप असलेल्या बागायतदाराने उन्हाळ्याची उणीव जमिनीखालून भरून काढली आणि ऊस जागेवर राहिला. पाणीवापर संस्थांना मोजून पाणी देण्याची तरतूद २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने केली. इंग्लिस यांच्या मापनयंत्रावरील निबंधानंतर तोवर पंचाहत्तरांहून अधिक वर्षे उलटली होती.

निचऱ्याची गती त्याहूनही मंद आहे. नीरेकाठी मॅन यांनी पाहिलेले चोपण पुढे कृष्णेच्या आणि पंचगंगेच्या काठीही पसरले. सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत नदीकाठची उत्कृष्ट काळी जमीन त्याखाली गेली. तेथे उघड्या चरांऐवजी आता जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून निचरा साधला जातो आणि काही गावांतील शेतकऱ्यांनी अशा रीतीने पडीक झालेली जमीन पुन्हा उसाखाली आणली आहे. तंत्र सुधारले असले तरी नळाचे तोंड शेवटी नाल्यात सोडावे लागते, आणि नाल्यापर्यंतची वाट बहुधा शेजाऱ्याच्या शेतातून जाते. शेजाऱ्याने संमती द्यावी म्हणून सगळी शिवारे एकाच योजनेत घ्यावी लागतात. वरच्या अंगाच्या ज्या शेतातून पाणी येते, त्याचा मालक मात्र अशा योजनेत वर्गणी भरण्यास क्वचितच तयार होतो. त्याची जमीन अजून चांगली असते.